राजा मागून कसा दिसतो

कपड्यांच्या मोठ्या दुकानात शोकेस लावणारा माणूस घरी पोरीला इतिहास शिकवणार म्हटल्यावर काय होईल ते होईल, पण साधं काही होणार नाही, हे त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती बस चालवायची, त्यामुळे पुढचं वळण तिला जरा आधीच दिसायचं. पण नवऱ्याच्या हौसेपुढे तिने हात टेकले, कारण पोरीसाठी दुसरा उपायही उरला नव्हता.

पोरीला सगळे दुर्बीण म्हणत. वय नऊ, डोळे नव्वद वर्षांच्या संशयी म्हातारीचे. एकदा पाहिलं की विषय संपला. कोणाच्या शर्टाचं कितवं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय, पाहुण्यांच्या मोज्याला भोक कुठे आहे, सगळं तिच्या डोक्यात कायमचं. ऐकलेलं मात्र या कानातून शिरायचं, त्या कानातून निघायचं आणि वाटेत कुठे टेकायचंसुद्धा नाही. शाळेत इतिहास मोठ्याने वाचून दाखवत. मास्तर बुटक्या राजाची कारकीर्द वाचत असताना दुर्बीण त्यांच्या चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेली चिकटपट्टी पाहत बसली. परीक्षेत राजाबद्दल एक अक्षर नाही, चष्मा मात्र हुबेहूब. मास्तरांनी तो आपला अपमान समजला, आणि खरं सांगायचं तर चित्र इतकं चांगलं होतं की अपमान होतच होता.

शाळेने निकाल दिला: मुलगी मंद आहे, एक वर्ग खाली बसवा. त्या दिवसापासून रोज सकाळी दुर्बिणीचं पोट दुखायला लागलं. नाटक म्हणावं तर चेहरा खरोखर पांढरा पडायचा. शेवटी आई-बापाने अर्ज-विनंत्या करून एक वर्ष घरी शिकवायची परवानगी मिळवली. अट एकच. वर्षाच्या शेवटी तपासनीस बाई घरी येणार आणि तोंडी परीक्षा घेणार. पास झाली तर पुढेही घरीच, नाही झाली तर परत शाळेत, आणि तेही एक वर्ग खाली. बाकीच्या विषयांची काळजी नव्हती. गणित आईने बटणांवर शिकवलं, भूगोल बसच्या मार्गांवर. गाडी अडली होती इतिहासापाशी.

"इतिहास माझ्याकडे," बाप म्हणाला. "डोळ्यांनी शिकणारी मुलगी आणि डोळ्यांना दाखवणारा बाप. देवानेच जोडी जमवलीय!"

"देवाला पुढे करू नका," बायको म्हणाली. "नापास झाली तर तो येणार नाही तिच्याबरोबर खालच्या वर्गात बसायला."

त्यांचं घर म्हणजे पूर्वीचं दुकान. भाडं परवडलं म्हणून घेतलेलं. पुढच्या खोलीला रस्त्याकडून जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेमागे हातभर उंच फळ्यांचा ओटा आणि त्याच्या वर पडदा. माणसं राहायला आली तरी ती खोली आपलं दुकानपण विसरली नव्हती. बापाला तर ते घर पाहताच भरून आलं होतं. त्याने आपल्या दुकानातले मोडके पुतळे मागून आणले. एकाची टाच गेलेली, दोघांना मिळून तीन हात, एका बाईला मानेच्या वर काहीच नाही. दुकानाचे जुने पुठ्ठेही आणले. त्यांच्या एका बाजूला जाहिरात होती, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर त्याने आपल्या वळणदार अक्षरात सन आणि प्रसंग लिहायला सुरुवात केली.

मग धडे सुरू झाले. धडे कसले, सोहळेच ते! सकाळी दुकानातलं काम उरकून तो घरी यायचा, पडदा ओढायचा आणि पुस्तकातला एकेक प्रसंग ओट्यावर उभा करायचा. बुटक्या राजाचा झगा म्हणजे आईचा जुना जांभळा पडदा. साबणावरचा कर भरायला नकार देणारी प्रजा म्हणजे मळके शर्ट घातलेले दोन पुतळे आणि एक कपडे टांगायचा स्टँड. पुलाच्या लढाईला पुतळे कमी पडले म्हणून पुढच्या रांगेत सगळे उभे केले आणि मागे झाडूंना टोप्या घातल्या. बापाचा हात असा की झाडूसुद्धा शूर दिसायचे.

राजाचं काम टाच गेलेल्या पुतळ्याकडे होतं, कारण चेहरा त्याचाच रुबाबदार. पण तो स्वतःच्या पायावर उभा राहीना. म्हणून दुर्बिणीने मागे स्टुलावर बसायचं आणि राजाला कमरेशी धरायचं, असं ठरलं. तीही आनंदाने धरायची. शाळेत कोणी तिला कधी वहीसुद्धा वाटायला दिली नव्हती, इथे तर अख्खं राज्य तिच्या हातात.

सगळं जागच्या जागी बसलं की पडदा उघडून बाप धावत फुटपाथवर जायचा. शोकेस नेहमी रस्त्यावरून तपासायची, आत उभं राहून काही कळत नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. वीस वर्षांची सवय. बाहेरून तो हातवारे करायचा, सेनापती थोडा उजवीकडे, राणीचा हात वर, नाही, तो दुसरा, अगं, आहे तो! दुर्बीण आतून हलवायची. मनासारखं झालं की तिथेच फुटपाथवर उभा राहून, तोंडाशी हातांचा कर्णा करून तो धडा सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, तसं हे काचेपलीकडून राज्य हाकणं चाललं होतं.

रस्त्याला मात्र वेड लागलं. समोरच्या न्हाव्याने आपल्या खुर्च्या आरशाकडून काचेकडे वळवल्या, त्यापायी दोघांचे कल्ले खालीवर झाले तरी कोणी तक्रार केली नाही. लोक दूध आणायला निघायचे आणि तह पाहून परत यायचे, दूध न घेता. बायकोची बस तिथून जायची तेव्हा प्रवासी म्हणायचे, "ताई, जरा हळू घ्या, आज काय लावलंय बघू द्या." ती हळू घ्यायची, नवऱ्याच्या हाताला मनातल्या मनात दाद द्यायची आणि काळजी थोडी कमी करायची. रस्त्यावरची पोरंटोरं सन घडाघडा म्हणत होती. परकी पोरं एवढी तयार, तर घरची किती तयार असेल!

एकदा जेवताना तिने पोरीला विचारलंही होतं, "आज काय शिकलीस?"

"राजाचा झगा मागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी घट्ट केला होता," दुर्बीण म्हणाली. "आणि सिंहासन म्हणजे तेलाचा डबा आहे."

"बघितलंस?" बाप घास हातात धरून म्हणाला. "किती बारीक बघते ती! एक गोष्ट सुटत नाही तिच्या नजरेतून." यापेक्षा स्पष्ट पोरीने आणखी काय सांगायचं होतं? पण कौतुकाने कान बंद झालेल्या माणसाला ढोल वाजवूनही काही ऐकू येत नाही.

परीक्षेच्या दिवशी त्याने राज्याभिषेक लावला. वर्षभराचं सगळं कसब त्यात ओतलं. पोरीला आज खुर्चीत बसायचं होतं, म्हणून राजाला मागून स्टुलाचा टेकू दिला. तपासनीस बाई आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने. ठेंगण्या, खांद्याला जड पिशवी, पायांत चालून झिजलेले बूट.

"तुमचं घर विचारलं तर समोरच्या न्हाव्याने साबणाच्या कराची चार कारणं सांगितली मला," त्या म्हणाल्या. "बाहेरच हे, तर आत काय असेल!"

बापाची छाती इंचभर वर आली. दुर्बीण केस विंचरून, पाय जुळवून खुर्चीत बसली होती. तिचा हात पोटावर होता. तो हात बापाला दिसला आणि वर आलेली छाती निम्मी खाली गेली.

"बरं बाळ, सोप्यापासून सुरू करू. पुलाची लढाई कोणत्या साली झाली?"

दुर्बिणीने डोळे मिटले. डोळे मिटले की तिला चित्र दिसतं, हे बापाला माहीत होतं. त्याने मनात म्हटलं, आलं, आता आलं.

"चाळीस टक्के सूट," दुर्बीण म्हणाली.

बाईंनी पेन कानाशी नेलं आणि परत खाली घेतलं. "काय म्हणालीस?"

"चाळीस टक्के सूट. लाल अक्षरात. सूटमधला ट जरा पुसलाय."

"आणि तह कधी झाला?"

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

"साबणाचं बंड?"

"धुतल्यावर रंग गेल्यास दुकान जबाबदार नाही."

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. हे कुठून आलं, हे त्याला कळेना. मग त्याची नजर ओट्यावरच्या पुठ्ठ्याकडे गेली. त्याच्या वळणदार अक्षरातला राज्याभिषेकाचा सन काचेकडे, रस्त्याकडे तोंड करून ऐटीत उभा होता. आणि खोलीकडे, पोरीकडे, पुठ्ठ्याची दुसरी बाजू होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: नवीन माल आला आहे.

तो ओठांनी सन पुटपुटायला लागला. बोटांनी आकडे दाखवायला लागला. दुर्बीण त्याच्या बोटांकडे लक्ष देऊन पाहत होती आणि बोटावर टाचणी टोचल्याची खूण कुठे आहे तेवढंच तिला दिसत होतं.

"बरं, साल राहू दे," बाई मवाळपणे म्हणाल्या. "बुटका राजा दिसायला कसा होता, ते सांगशील?"

दुर्बीण खुलली. "त्याच्या पाठीत खाच आहे, दांडा घालायची. डाव्या खांद्याखाली रंगाचा पोपडा गेलाय, बदामाएवढा. कमरेला भेग आहे, तिथे धरलं की करकर वाजतं."

"आणि चेहरा?"

"चेहरा नाही माहीत."

"म्हणजे? विसरलीस?"

"मी विसरत नाही," दुर्बीण जरा रागाने म्हणाली. "पाहिलाच नाही. मी धरलं नाही तर तो पडतो. मग धडा संपला की बाबा त्याचे कपडे काढून त्याला पलंगाखाली पालथा झोपवतात. त्याचा चेहरा रस्त्यावरच्या लोकांसाठी आहे."

ती हे तक्रार म्हणून नव्हती सांगत. पाऊस खाली पडतो म्हणावं तितक्या सहज तिने ते सांगितलं, आणि म्हणूनच बापाला ते काळजात लागलं. वर्षभर त्याने शोकेस लावली होती. पोरीसाठी म्हणून लावली होती आणि तोंड रस्त्याकडे केलं होतं. वीस वर्षांत त्याला शोकेसला दुसरी बाजू असते असं कधी वाटलंच नव्हतं. दुकानात मागच्या बाजूला भिंत असायची. घरात मागच्या बाजूला त्याची मुलगी होती.

"बाई, चूक माझी आहे," तो उठून म्हणाला. "ती हुशार आहे हो, मीच... तो पूल आहे ना, त्याचं साल..."

"तुम्ही बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. "मघापासून तुमचे ओठ हलतायत, बोटं हलतायत, आता सगळेच हलायला लागलात. परीक्षा तिची आहे."

असा तो वर्षभर जिथे राजासारखा उभा राहायचा त्याच फुटपाथवर आज हाकलला गेला. न्हावी हातात कात्री घेऊनच रस्ता ओलांडून आला, मागून त्याचं अर्धं डोकं झालेलं गिऱ्हाईक. "काय विचारलं? पूल विचारला का? सांगितलं ना तिने साल?" आणि उत्तराची वाट न पाहता दोघांनी काचेला तोंड लावून सन ओरडायला सुरुवात केली. बापाने त्यांना दोन्ही हातांनी मागे ओढलं. अख्खा रस्ता पास होता. ज्या एका मुलीसाठी हा खटाटोप केला, तीच तेवढी राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा लावणारा बावळट बाहेर उभा.

काचेतून त्याला राज्याभिषेक दिसत होता. फार सुंदर लागला होता. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं चांगलं काम पाहून त्याला ते फोडावंसं वाटलं. पुतळ्यांच्या मागे खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. मग राणीच्या हाताखालून बाईंचं डोकं दिसलं. शेजारी दुर्बिणीचं. दोघी खाली बसून कशाकडे तरी बोट दाखवत होत्या. दुर्बीण काहीतरी सांगत होती, भराभरा, हात हलवत. बाई मान डोलवत होत्या का नाही म्हणत होत्या, ते इथून कळत नव्हतं. एकदा राजा जोरात डुलला आणि सावरला. बापाने मनात म्हटलं, संपलं. आता शाळा. आता पुन्हा ते पांढरं तोंड, आणि तेही लहान पोरांच्या बाकावर.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाईंच्या केसांत एक टाचणी अडकली होती आणि बाहीला फळ्यांवरची धूळ लागली होती.

"फार जड आहे हो तुमचा राजा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं पोरीने धरलाय म्हणजे हलका असेल. माझा हात भरून आला. आणि हिने वर्षभर धरलाय."

बाप मान खाली घालून उभा राहिला.

"मी तिला विचारलं, पुलाची लढाई राजा का हरला? हा प्रश्न मी इतकी वर्षं विचारतेय आणि पोरं एका सुरात सांगतात, दुर्दैवाने. मोठ्या अक्षरात छापलंय ना तसं. ही म्हणाली, दुर्दैव कसलं? होती नव्हती ती सगळी माणसं त्याने पुढे लावली, दिसायला. मागे कोणी नव्हतंच, झाडू होते."

न्हावी हळूच म्हणाला, "पुढून तर भरगच्च दिसत होतं हो."

"तेच तर. पुस्तकात खाली बारीक अक्षरात तेच दिलंय, सगळं सैन्य दिखाव्याला पुढे उभं केलं होतं म्हणून. ती ओळ कोणी वाचत नाही. तुम्ही मात्र नेमकी तीच दाखवलीत तिला."

बापाने तोंड उघडलं. पुतळे कमी होते म्हणून झाडू लावले, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण उभ्या आयुष्यात एकदा तरी माणसाला तोंड मिटायची अक्कल येते, तशी ती त्याला त्या क्षणी आली.

"साबणाचं बंड का झालं, तेही सांगितलं तिने," बाई पुढे म्हणाल्या. "राजाचा झगा पुढून स्वच्छ आणि मागून मळका, म्हणजे साबण त्यालाही परवडत नव्हता. हे काही पुस्तकात नाही. पण मी त्याला अर्धे गुण दिले, मला आवडलं म्हणून. सनावळीत भोपळा आहे, तो मी काही लपवणार नाही. कारणांत मात्र असं मूल मी अलीकडे पाहिलेलं नाही. पास केलंय मी तिला. घरीच शिकू दे. आणि ते पुठ्ठे दोन्हीकडून लिहीत जा."

त्या पिशवी सावरत निघून गेल्या. न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक एकमेकांना मिठ्या मारत होते, जणू त्यांचंच कोणी पास झालं होतं. बाप तिथेच फुटपाथच्या कडेवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तेवढ्यात बस आली. बस थांबायची ती जागा नव्हती, तरी थांबली. बायकोने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. तिचे प्रवासी एकावर एक पडून ऐकायला लागले.

"अहो, काय झालं? बोला ना! नापास झाली का?"

"पास झाली," तो हुंदका देत म्हणाला.

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तोही बहुतेक आनंदानेच.

"मग रडताय कशाला?"

"अगं, वर्षभर तिला राजाचं तोंडसुद्धा दाखवलं नाही मी! सगळ्या जगाला दाखवलं. ती मागे धरून बसली होती आणि मी इथे उभा राहून..."

"राजाचं तोंड बघून कोणाचं भलं झालंय?" बायकोने गिअरवर हात ठेवत त्याला मध्येच तोडलं. तिचेही डोळे भरले होते, पण बस चालवायची होती. "तुम्ही आधी तिचं बघा. ती बघा, दारात उभी आहे केव्हाची. तुम्ही वळताय कधी याची वाट बघत."

तो वळला. दुर्बीण उंबऱ्यावर उभी होती. पोटावर हात नव्हता. सगळं तोंड हसत होतं, कानापर्यंत, आणि वरचा एक दात पडलेला होता. तो कधी पडला, हे त्याला माहीत नव्हतं.